मुकादमचाचा आणि उन्हातला चंद्र

मुकादमचाचा माझ्यावर पहिल्यांदा रागावले ते चंद्रावरून.

कर्जतच्या ज्या हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर बसते, तिथं लागून मला तेव्हा दोनच महिने झाले होते. वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल. खाली ओपीडी आणि एक्स-रेची खोली, वर वॉर्ड आणि त्याच्यावर गच्ची. कोजागरीला संध्याकाळची ओपीडी लवकर आटपून स्टाफनं गच्चीवर दूध आटवायचं ठरवलं होतं. सात वाजायच्या आतच ढाकच्या बाजूच्या डोंगरामागून चंद्र वर आला. सगळ्यांनी मोबाईल वर केले, तसा मीही केला. फोटो काढला आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरना दाखवत होते, तेवढ्यात मागून एक हात आला आणि माझा मोबाईल उचलून घेऊन गेला.

"हा काय चंद्र हाय?" चाचा म्हणाले. "हा बल्ब हाय. अँब्युलन्स लावतात त्या दारावरचा."

मी नवीन. हा माणूस एक्स-रे काढतो, एवढंच मला माहीत. मी म्हटलं, "रात्र आहे ना चाचा. अंधारात असाच येणार."

"रात्र तुला न् मला. त्याला कुठाय रात्र? तो उन्हात उभा हाय. भर दुपारच्या उन्हात." त्यांचा आवाज चढला होता. "उन्हात उभ्या माणसाचा फोटो काढताना जेवढा उजेड घेशील, तेवढाच याचा घ्यायचा. तू आजूबाजूचा अंधार बघून घाबरलीस आणि उजेड ओतलास त्याच्यावर. जळाला बिचारा."

मग त्यांनी माझ्याच मोबाईलवर चंद्राच्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं, बाजूला सूर्याची छोटी खूण आली ती अंगठ्यानं खाली खाली ओढली. गच्ची काळी झाली, सिस्टर काळ्या झाल्या, दुधाचं पातेलं दिसेनासं झालं. आणि मधोमध तो उरला, वाटाण्याएवढाच, पण त्याच्या अंगावर राखाडी डाग दिसत होते. जन्मभर वर बघून पाहिलेले डाग मी पहिल्यांदा माझ्या मोबाईलवर पाहत होते.

"आता आला," असं म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि बिनसाखरेच्या दुधाचा आपला कप शोधायला गेले.

यासीन मुकादम हे त्यांचं पूर्ण नाव. हॉस्पिटलात लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. मोठे डॉक्टरही, जे त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे असावेत. उंच, किडकिडीत, मेंदी लावून तांबूस केलेले केस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. शर्टाच्या वरच्या खिशात चष्मा आणि खालच्या खिशात भाजलेले चणे. त्यांना मधुमेह होता. चहा ते बिनसाखरेचा पीत, इतक्या कडक शिस्तीत, की चहावाल्यानं चुकून साखर घातली तर परत पाठवत. पण स्टेशनजवळच्या गाड्यावरची जिलबी मात्र खात. कुणी टोकलं, की म्हणत, "जिलबी गोडात धरायची नाय. ती तळणीची वस्तू हाय."

राहायला ते खालापूरच्या अलीकडच्या एका गावात. रोज सकाळी कर्जत-चौक रस्त्यानं स्कूटरवर येत, संध्याकाळी परत. घरी विधवा बहीण होती, रुकैयाबाई. चाचांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

त्यांची एक्स-रेची खोली माझ्या खिडकीच्या अगदी समोर, त्यामुळे दिवसभर त्यांचा आवाज माझ्या कानावर असे. "श्वास घ्या... रोखा... सोडा." या तीन शब्दांना त्यांनी चाल लावली होती. 'घ्या' वर जायचं, 'रोखा' तिथंच टांगलेलं राहायचं आणि 'सोडा' इतकं मऊ खाली यायचं, की केसपेपर लिहिता लिहिता माझाही श्वास सुटायचा. कुणाला मराठी कळत नसेल तर ते स्वतः गाल फुगवून उभे राहत. छातीचा एक्स-रे काढायला आलेला तापानं फणफणलेला माणूस हसायला लागे आणि फोटो पुन्हा काढावा लागे.

भिंतीवर कंपनीनं दिलेला एक तक्ता होता. किती वजनाच्या माणसाला, शरीराच्या कुठल्या भागाला किती आकडा लावायचा, ते त्यावर छापलेलं होतं. चाचांनी त्या तक्त्यावर खिळा ठोकून त्याला आपला टॉवेल अडकवला होता. पेशंट बाकावरून उठून खोलीच्या दारापर्यंत चालत येई, तेवढ्यात त्यांचा आकडा ठरलेला असे. "आधी माणूस बघायचा, मग आकडा लावायचा," ते सांगत. "तक्त्यात पन्नास किलो लिवलंय. पन्नास किलोची बाई आणि पन्नास किलोचा हमाल एकच का?"

तीस वर्षं त्यांनी डार्करूममध्ये काढली होती. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म टाकीत बुडवायची, हलवायची, वर काढून बघायची. पुढं संगणकावरचं मशीन आलं आणि डार्करूम बंद झाली. तिथं आता जुन्या फायली ठेवतात. त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती, आणि त्याच वर्षी त्यांनी नेरळच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स विकत घेतली. या तिन्ही गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः कधी जोडून सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही.

कॅमेऱ्याला तिपाई घेतली नव्हती. हॉस्पिटलात एक सलाईनचा स्टँड मोडीत काढला होता, तो त्यांनी मागून नेला, त्याची चाकं काढली, खाली दोन विटा बांधल्या आणि वर शिकंजा बसवून त्यात कॅमेरा अडकवला. बटण दाबलं की कॅमेरा हलतो. दोन सेकंदांनी आपोआप क्लिक होईल असं लावून बाजूला व्हायचं. त्या दोन सेकंदांत चाचा हात मागं बांधून उभे राहत आणि हळूच म्हणत, "श्वास घ्या... रोखा..."

"कुणाला सांगता हो चाचा?" मी एकदा विचारलं.

"सवय गं," ते म्हणाले. "तो ऐकतो पण. बघ, हलला का?"

एक्स-रे आणि चंद्र या दोन कामांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. फक्त एक्स-रेच्या फिल्मवर मात्रा जास्त झाली की काळं होतं आणि चंद्रावर जास्त झाली की पांढरं, एवढंच ते सांगत. पण प्रत्येक चंद्राला एकच आकडा नाही, हेही त्यांनीच मला शिकवलं. पुनवेचा चंद्र सगळ्यात झगझगीत, त्याला कमी. अष्टमीचा अर्धा म्हणून अर्धा उजेड लागेल असं वाटतं, पण त्याला चौपट, पाचपट द्यावा लागतो, कारण त्याच्यावर ऊन तिरपं पडतं, सकाळच्यासारखं. आणि बीजेची कोर तर आजारी माणसासारखी. तिला सांभाळून, पुष्कळ वेळ द्यायचा. डोंगराला चिकटून वर येणारा चंद्र धुळीतून येतो, म्हणून त्यालाही जरा जास्त. हे सगळं ते एका निळ्या वहीत लिहून ठेवत. तारीख नसे, तिथी असे. आकडा, आणि पुढं एक शब्दाचा शेरा. 'बरा.' 'धुरकट.' 'जळाला.' एका पानावर मी 'सुंदर' वाचलं होतं. तो शब्द अख्ख्या वहीत एकदाच होता.

एक्स-रेच्या खोलीत, फिल्म लावून बघायची जी जुनी दिव्याची पेटी होती, तिच्यावर त्यांनी चंद्राचा एक मोठा फोटो लावून ठेवला होता. तो शोभेसाठी आहे असं मला वाटायचं. एके दिवशी कोठळीगडाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतली आजी आली. झाडावरून शेंगा काढताना पडली होती, मनगट सुजून आलं होतं. सोबत सून होती. आजी बाकावरून उठायलाच तयार नव्हती. त्या खोलीत नेतात आणि मशीन अंगातलं काहीतरी ओढून घेतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सून विनवत होती, सिस्टर ओरडत होत्या. चाचा बाहेर आले, आजीच्या शेजारी बाकावर बसले आणि खिशातले चणे तिच्या चांगल्या हातावर ठेवले.

"आजी, तुझ्या आधी एकाचा काढलाय मी फोटो. त्याला विचार दुखलं का."

"कुनाचा?"

"चल, दावतो."

आजी दारापर्यंत आली आणि तिनं आत डोकावून बघितलं. चाचांनी पेटीचा दिवा लावला. काळ्याभोर कागदावर गोल चंद्र उजळला, त्याच्यावरचे खड्डे, डाग, सगळं स्पष्ट. आजी कितीतरी वेळ बघत राहिली.

"याला देवी आलत्या का रं?" तिनं विचारलं.

तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवीचे वण होते. चाचांनी गंभीरपणे मान हलवली. "आलत्या. लहान असताना."

"आन् तरी बरा झाला?"

"बरा झाला की. बघतेस ना रोज."

आजी आत गेली, हात टेबलावर ठेवला, आणि चाचांनी गाल फुगवल्यावर तिनंही फुगवले. मनगटाच्या फोटोला श्वास रोखायची काही गरज नसते. पण तिनं रोखला आणि चाचांनी तिला रोखू दिला. ती गेल्यावर मोठ्या डॉक्टरांना फोटोत काही दिसेना. चाचांनी त्यांना हाडातली केसासारखी बारीक भेग बोटानं दाखवली. तिला प्लास्टर घालायला परत बोलवावं लागलं. चाचा स्कूटर काढून मागं गेले आणि दोघींना एसटीच्या थांब्यावरून घेऊन आले.

'देवी आलत्या' ही गोष्ट ते पुढं कित्येक वर्षं सांगत. सांगताना दरवेळी आजीचा आवाज काढत, आणि दरवेळी शेवटी म्हणत, "एवढे फोटो काढले, पण त्याची विचारपूस कुणी केली तर तिनं."

दुसरी गोष्ट ते कधीच सांगत नसत. ती मला रुकैयाबाईंनी सांगितली, तीही रागात. मी त्यांच्याकडे ईदच्या नंतर शीरखुर्म्याला गेले होते तेव्हा.

रुकैयाबाईंचा एकुलता मुलगा इरफान आखातात नोकरीला. त्या वर्षी त्याला चार वर्षांनी पहिल्यांदा रमजानमध्ये सुट्टी मिळाली होती, पण ती अशी बेतून, की एकोणतिसाव्या रोजाला चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद घरी करून रात्रीच्या विमानानं जाता येईल. चंद्र दिसला नाही, तर ईद त्याला तिकडे, कामगारांच्या खोलीत.

त्या संध्याकाळी सगळे मशिदीच्या गच्चीवर जमले. प्रबळगडाच्या अंगाला ढगांचे पट्टे होते. चाचांनी सलाईनचा स्टँड आणून लावला. कोर अशी असते, की ती दिसायची वेळ दहा-पंधरा मिनिटांची. आकाश अजून उजळ आणि ती त्याहून जरा उजळ. एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिसल्यासारखी वाटली, पण बोट दाखवेपर्यंत ढग आला. साक्षीला दुसरा माणूस हवा होता. दोघांनी पाहिलं असं सांगितलं असतं, तर गावातून तशी साक्ष पुढं पाठवता आली असती.

चाचा फोटो काढत होते. चौथ्या की पाचव्या फोटोत ती आली. नखाच्या कडेएवढी, पण होती. इरफान शेजारीच उभा होता, त्यानं पाहिली आणि ओरडला. सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. मौलानासाहेबांनी फोटो नीट बघितला आणि मग शांतपणे विचारलं, "मुकादमसाहेब, तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?"

"सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते," रुकैयाबाई मला सांगत होत्या. "माझा पोरगा बघत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं गं. चंद्र होताच ना? खोटं थोडंच होतं?"

चाचा म्हणाले होते, "डोळ्यांनी नाय दिसला. यात दिसला."

"मग उद्या रोजा," मौलानासाहेब म्हणाले. मुंबईहूनही चंद्र दिसल्याचा निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिसावा रोजा धरला. इरफाननं रोजा सोडला तो पनवेलच्या वाटेवर, गाडीत, आईनं एक दिवस आधी केलेल्या शीरखुर्म्याचा डबा मांडीवर घेऊन. त्यानंतर रुकैयाबाई भावाशी आठ दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढून द्यायच्या आणि आत जायच्या.

त्या हे सांगत होत्या तेव्हा चाचा ओटीवर बसून सगळं ऐकत होते. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं, म्हणायला हवं होतं?"

मी पायात चपला सरकवत होते. ते म्हणाले, "मला पण आठ दिवस तेच वाटत होतं. पण मग नमाजाला उभं राहिल्यावर काय केलं असतं मी?"

आता मला सांगायला जड जातं असा भाग.

दर पुनवेला चाचा हॉस्पिटलच्या ग्रुपवर चंद्राचा फोटो टाकत. खाली एक ओळही नाही, फक्त फोटो. आम्ही सगळे अंगठे पाठवत असू. कुणी 'मस्त चाचा' लिही. हे वर्षानुवर्षं चाललं होतं, त्यामुळे कुणी नीट बघत नसे. मी बघायचे. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यानंतर मला वाटायला लागलं, की त्यांचा चंद्र उजळ येतोय. आधी कडेचे बारीक खड्डे गेले. दोन महिन्यांनी मधले डाग फिके झाले. माघातल्या पुनवेला तर त्यांनी जो टाकला, तो माझ्या पहिल्या दिवशीच्या मोबाईलमधल्यासारखा, सरळ पांढरा गोळा होता.

मी अंगठा पाठवला.

तोपर्यंत मला आणखी काही गोष्टी दिसायला लागल्या होत्या. संगणकाच्या पडद्याला नाक लावून बसणं. पेशंटचं नाव माझ्याकडून वाचून घेणं. "चष्मा घरी राहिला गं," म्हणायचे, आणि चष्मा खिशात असायचा. पडदा त्यांना काळपट दिसत होता, म्हणून ते उजेड वाढवत होते, कॅमेऱ्यातही आणि मशीनवरही. नवं मशीन असलं की मात्रा चुकली तरी संगणक फोटो सावरून घेतो. त्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. पण ज्या माणसानं मला उजेड म्हणजे काय ते शिकवलं, त्याला मी काय सांगणार, असं म्हणून मी गप्प बसत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. माझ्या समोरच्या खोलीतून ते तीन शब्द येणार नाहीत, याची.

मग एके दिवशी भिवपुरीची एक सात-आठ वर्षांची मुलगी आली. खोकला जात नव्हता, छातीचा फोटो काढायचा होता. 'श्वास घ्या, रोखा, सोडा' एकदा झालं. थोड्या वेळानं पुन्हा झालं. मग तिसऱ्यांदा. मुलीची आई बाहेर येऊन मला विचारायला लागली, "अहो, तीन-तीनदा कशाला? चांगलं असतं का ते पोरीला?" मी आत गेले. पडद्यावर तिसरा फोटो होता. माझ्या अडाणी डोळ्यांनाही तो चांगला दिसत होता, बरगडी न् बरगडी मोजता येत होती.

"नीट आलाय चाचा," मी म्हटलं.

"धुरकट हाय."

"नाही. नीट आलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मुलीला उठवलं, तिच्या हातावर चणे दिले आणि आईला म्हणाले, "माझी चूक झाली बाई. झालं, जा."

दुपारी ओपीडी संपल्यावर मी दोन फोटो छापून घेऊन त्यांच्याकडे गेले. एक जुना, एक माघातला. शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दिव्याखाली धरले, जवळ नेले, लांब नेले.

"काय बघायचं?"

"यात डाग आहेत," मी जुन्यावर बोट ठेवलं. "यात नाहीत."

"एकही?"

"एकही नाही."

 मग त्यांनी माघातल्या फोटोवरून अंगठा फिरवला, डाग हाताला लागतील तसा.

"किती महिने झाले?"

"पाच-सहा."

"आणि तू अंगठे पाठवत होतीस."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं. तेव्हा तेच उठले आणि मला पाणी आणून दिलं. मग पुन्हा बसून म्हणाले, "त्या ईदच्या वेळी... मी म्हणालो डोळ्यांनी नाय दिसला. ढग होता म्हणून नाय दिसला, की माझेच डोळे तेव्हापासून गेलेले, आता कसं कळणार? दुसऱ्याच्या डोळ्यांना कदाचित दिसला असता. मी मध्ये उभा राहिलो नसतो, कॅमेरा लावून, तर लोकांनी अजून वर बघितलं असतं."

"चाचा, तुम्ही खरं तेच बोललात."

"हां," ते म्हणाले. "मला जेवढं दिसलं, तेवढं."

मी आणखी काही बोलण्याआधी ते जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. दार उघडंच होतं. मला खाली ऐकू आलं, "साहेब, उद्यापासून मला मशीनवर बसवू नका. आज एका पोरीला मी दोन फोटो जास्तीचे काढले." डॉक्टर काहीतरी समजावत होते. चाचा म्हणाले, "नाय साहेब. मला दिसत नाय."

पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय. वर्षावर्षाला तपासायला हवं होतं. लेसर झालं, इंजेक्शनं झाली. जेवढं उरलं होतं तेवढं टिकलं, गेलेलं आलं नाही. समोर मधोमध धुकं, कडेनं थोडंफार दिसतं. स्कूटर इरफानच्या चुलतभावानं नेली. एक्स-रेच्या खोलीत आता पनवेलची एक मुलगी असते, हुशार आहे. तिनं भिंतीवरच्या तक्त्याचा टॉवेल काढला. ती "ब्रीद इन" म्हणते.

मी चाचांना भेटायला जायचं म्हणत राहिले आणि शेलूच्या घरून कर्जत, कर्जतहून परत घर यात दिवस गेले. शेवटी गेल्या चैत्रात, पुनवेच्या आदल्या दिवशी गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. अंगणात सलाईनचा स्टँड उभा होता, विटांसकट. त्यावर कॅमेरा. चाचा त्याच्याशेजारी खुर्चीत, आणि कॅमेऱ्याच्या मागं डोळा लावून रुकैयाबाई. ज्या बाईनं आयुष्यभर या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, ती.

"आला का?" चाचा विचारत होते.

"झाडाच्या मागं हाय अजून. थांब जरा. काय घाई हाय तुला?"

मी आवाज दिला, तर चाचा माझ्या बाजूला वळले, पण बघितलं माझ्या खांद्यापलीकडे. "वैशाली! ये, ये. बरी वेळ साधलीस."

सगळं त्यांनी बसवलं होतं. कॅमेरा धरायचा बहिणीनं, चंद्र चौकटीत आणायचा तिनं. आकडे लावायचे यांनी. बघायची गरजच नव्हती. कॅमेऱ्याचं चाक एका टोकाला नेऊन तिथून मागं आणायचं आणि टिकटिक मोजायची. "सात, आठ, नऊ. हा पुनवेचा. आज चौदस हाय आणि खाली धूळ हाय, म्हणून तीन टिकटिक मागं." बोटं चाकावरून न चुकता फिरत होती. हेच त्यांनी तीस वर्षं अंधारात केलं होतं.

"डावीकडं घे गं."

"घेतलं."

"मधोमध हाय?"

"हाय रं बाबा. दाब आता."

त्यांनी दाबलं आणि हात मागं बांधले. दोन सेकंद. माझा श्वास आपोआप थांबला होता. रुकैयाबाईंचाही.

क्लिक झालं. चाचांनी कॅमेरा स्टँडवरून काढून माझ्याकडे धरला. "बघ."

नारळाच्या झावळ्यांच्या वर तो होता, किंचित पिवळसर, एका बाजूनं जरासा चेपलेला. सगळे डाग होते.

"डाग आहेत," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की चाचा. सगळे आहेत."

 त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडं बघायला लागले. रुकैयाबाई म्हणाल्या, "मी सांगते तर विश्वास नाय याचा. म्हणतो, तू माझी बहीण, तू काय पण सांगशील." आणि आत जाऊन निळी वही आणि पेन घेऊन आल्या. "काय लिवू?"

"चौदस. बारीक धूळ. आकडा लिव." मग जरा थांबून, "बरा, असं लिव."

"नुसता बरा?"

"बरा पुष्कळ झालं."

चहा झाला. बिनसाखरेचा. अंधार पडायच्या आत मला सहा आसनी रिक्षा मिळवायची होती, म्हणून मी उठले. चाचा म्हणाले, रस्त्यापर्यंत येतो. रुकैयाबाईंनी नको म्हटलं, तरी आले. हात माझ्या कोपराला नाही, कुंपणाच्या तारेला लावून, तिच्या अंदाजानं. रस्त्याला आल्यावर त्यांनी आवाजावरून रिक्षाला हात केला आणि चालकाला बजावलं, "बाईंना स्टेशनला सोड, मध्ये दुसरी भाडी भरत बसू नकोस."

आम्ही निघालो. समोरून येणारा एक टेंपो आमच्या शेजारून उलट्या बाजूला गेला, मागं बायका उभ्या, कुठल्या तरी लग्नाच्या जेवणाहून परतणाऱ्या. मी मागं वळून बघितलं. चाचा रस्त्याच्या कडेला उभे होते आणि हात हलवत होते. माझ्या रिक्षाकडे नाही, पलीकडे चाललेल्या त्या टेंपोकडे. टेंपोतल्या बायका आधी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग त्या सगळ्यांनीच हात वर केले, आणि वळणाआड जाईपर्यंत चाचांना हात करत राहिल्या.